पारंपरिक कॅथलिक श्रद्धेचा शोध घेताना कोणते बायबल हाती घ्यावे?

प्रश्न विचारणारे पुण्यात नोकरी करतात. त्यांचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, इंग्रजी कामापुरते चांगले आहे आणि स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झालेला नाही. ग्रेगोरियन गायन (चर्चमधील प्राचीन लॅटिन गायन) आणि लॅटिन मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) यांच्या ध्वनिचित्रफिती पाहून ते पारंपरिक कॅथलिक श्रद्धेकडे ओढले गेले आहेत. किंग जेम्स बायबल (१६११ चा प्रॉटेस्टंट इंग्रजी अनुवाद) घ्यावे की डुए-रीम्स (जुना कॅथलिक इंग्रजी अनुवाद), मराठीत काय वाचावे आणि जुन्या पद्धतीच्या मिस्सेला केव्हा व कसे जावे, असे त्यांनी विचारले आहे. वसईच्या परिसरात प्रौढांना धर्मशिक्षण देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. हे प्रश्न आता वारंवार येतात आणि जवळजवळ प्रत्येक वेळी याच क्रमाने येतात: आधी पुस्तक, मग मिस्सा, आणि धर्मगुरू सर्वांत शेवटी. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, परंतु विचारले आहे त्याच क्रमाने उत्तर देतो.

थोडक्यात सांगायचे तर किंग जेम्स घेऊ नका. ज्या भाषेत तुम्ही विचार करता त्या भाषेतले, त्र्याहत्तर ग्रंथांचे आणि ख्रिस्तसभेची, म्हणजे कॅथलिक चर्चची, मान्यता असलेले बायबल रोजच्या वाचनासाठी घ्या. डुए-रीम्स घ्यायचे असेल तर ते दुसरे पुस्तक म्हणून घ्या, पहिले म्हणून नव्हे.

त्र्याहत्तर हा आकडा आधी समजून घ्यावा लागतो. कॅथलिक बायबलमध्ये जुन्या करारात ४६ आणि नव्या करारात २७ ग्रंथ आहेत, तर प्रॉटेस्टंट बायबलमध्ये एकूण ६६. फरक फक्त जुन्या करारात आहे. तोबीत, युदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सिरा, बारूख आणि मक्काबींचे दोन ग्रंथ हे सात, तसेच एस्तेर आणि दानीएल या ग्रंथांतील काही भाग प्रॉटेस्टंट आवृत्त्यांत नसतात. ही यादी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (सोळाव्या शतकातील कॅथलिक बिशपांच्या सभेने) नव्याने तयार केली, असे काही जण ठामपणे सांगतात, पण ते खरे नाही. ३९३ मध्ये हिप्पो येथे आणि ३९७ मध्ये कार्थेज येथे भरलेल्या स्थानिक परिषदांनी हीच यादी मान्य केली होती. वाद उद्भवल्यावर ट्रेंटने ८ एप्रिल १५४६ रोजी तिच्यावर अधिकृत शिक्कामोर्तब केले, एवढेच. दुसऱ्या बाजूने हेही मान्य करायला हवे की या सात ग्रंथांविषयी खुद्द बायबलचा लॅटिन अनुवाद करणारे संत जेरोम यांच्या मनात शंका होत्या. ख्रिस्तसभेने त्यांचा अनुवाद स्वीकारला, त्यांच्या शंका स्वीकारल्या नाहीत. किंग जेम्सच्या १६११ च्या मूळ आवृत्तीत हे ग्रंथ दोन करारांच्या मध्ये स्वतंत्र विभागात छापलेले होते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्रतींतून ते गळलेले आहेत. म्हणून पुस्तक हाती आले की प्रथम अनुक्रमणिका उघडून तोबीत आणि मक्काबी शोधावेत आणि नंतर आरंभीच्या पानांवर बिशपांची किंवा बिशप परिषदेची मान्यता छापली आहे का, ते पाहावे. कॅथलिक धर्मनियमांनुसार बायबलच्या अनुवादाला अशी मान्यता आवश्यक असते.

हा प्रश्न केवळ पानांच्या संख्येचा नाही. मृतांसाठी प्रार्थना करणे ही जुन्या कॅथलिक भक्तीतील ठळक गोष्ट आहे आणि तिचा सर्वांत स्पष्ट आधार मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात आहे. जुन्या मिस्साग्रंथात (मिस्सेतील प्रार्थना आणि वाचनांच्या पुस्तकात) मृताच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेला हाच उतारा वाचला जातो. ६६ ग्रंथांचे बायबल घेऊन जुन्या मिस्सेला बसणाऱ्याला तो उतारा हातातल्या पुस्तकात सापडणारच नाही.

आता डुए-रीम्सविषयी. पारंपरिक वर्तुळात या अनुवादाला मोठा मान आहे आणि त्याची कारणे खरी आहेत. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासनेवर बंदी आली, तेव्हा परदेशात गेलेल्या इंग्रज विद्वानांनी फ्रान्समध्ये हे काम हाती घेतले. नवा करार १५८२ मध्ये रीम्स येथे आणि जुना करार १६०९-१६१० मध्ये डुए येथे छापला गेला. त्यांनी अनुवाद लॅटिन व्हल्गेटवरून केला. पोप दमासस यांच्या सांगण्यावरून संत जेरोम यांनी ३८२ च्या सुमारास सुरू केलेल्या कामातून व्हल्गेट आकाराला आले होते. पुढे १७४९ ते १७५२ या काळात बिशप रिचर्ड चॅलनर यांनी त्याची भाषा इतकी बदलली की आज डुए-रीम्स म्हणून जे विकले जाते ते बहुतांशी चॅलनर यांचेच पुस्तक आहे. गंमत अशी की भाषा सुधारताना त्यांनी किंग जेम्समधील शब्दयोजना मुक्तपणे उचलली. त्यामुळे किंग जेम्सला तुच्छ लेखून डुए-रीम्स मिरवणाऱ्यांच्या हाती नकळत थोडे किंग जेम्सही असते.

ट्रेंटने व्हल्गेटला प्रमाण ठरवले, म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले अनुवाद ‘पारंपरिक’ नव्हेत, हा समज मला वारंवार खोडून काढावा लागतो. पोप बारावे पायस यांनी १९४३ च्या आपल्या विश्वपत्रात (संपूर्ण ख्रिस्तसभेला उद्देशून लिहिलेल्या पत्रात) या निर्णयाचा अर्थ स्पष्ट केला आहे. श्रद्धा आणि नीती यांच्या बाबतीत व्हल्गेट निर्दोष आहे आणि सार्वजनिक उपयोगासाठी विश्वसनीय आहे, एवढाच त्याचा आशय आहे. मूळ भाषांकडे जाऊन अनुवाद करण्याला त्यांनी त्याच पत्रात उत्तेजन दिले. हे १९६० च्या दशकातील, उपासनेत मोठे बदल घडवणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या कितीतरी आधीचे आहे आणि बारावे पायस यांना कोणी आधुनिकतावादी म्हणणार नाही.

तरीही डुए-रीम्स दुसरे पुस्तक म्हणून जवळ असावे, कारण काही ठिकाणी परंपरेचा आवाज तिथेच ऐकू येतो. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील पंधराव्या वचनात सर्पाचे डोके कोण ठेचणार? मूळ हिब्रूत स्त्रीचे संतान, तर प्रचलित व्हल्गेटमध्ये आणि म्हणून डुए-रीम्समध्ये स्वतः ती स्त्री. पवित्र मरियेच्या पायाखाली सर्प दाखवणाऱ्या असंख्य मूर्ती या पाठातून समजतात. १९७९ च्या नव्या व्हल्गेटमध्ये हा पाठ हिब्रूप्रमाणे सुधारलेला आहे. मत्तयच्या तिसऱ्या अध्यायात जिथे इतर अनुवाद ‘पश्चात्ताप करा’ म्हणतात, तिथे डुए-रीम्स ‘प्रायश्चित्त करा’ असे म्हणते. तोबीतच्या ग्रंथाचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. जेरोम यांनी तो अरामी भाषेतून, दुभाष्याच्या मदतीने, स्वतःच्याच सांगण्यानुसार एका दिवसात अनुवादला. विवाहानंतर तोबिया आणि सारा यांनी तीन रात्री प्रार्थनेत घालवल्या, हा तपशील त्यांच्या पाठात आहे आणि ग्रीक पाठावरून केलेल्या आजच्या अनुवादांत नाही. जुन्या भक्तिग्रंथांत ‘तोबियाच्या रात्री’ असा उल्लेख आला आणि आपल्या बायबलमध्ये तो सापडला नाही, म्हणून आधुनिक संपादकांनी काही दडवले असा संशय घेऊ नये. दोन्ही पाठ प्राचीन आहेत.

ग्रंथांची नावे आणि स्तोत्रांचे क्रमांक ही नवख्यांची खरी अडचण असते आणि तिच्याविषयी आधीच कोणी सांगत नाही. व्हल्गेटच्या परंपरेत शमुवेलाचे दोन ग्रंथ ‘राजे’ या नावाखालीच मोजतात, म्हणजे तिथला ‘तिसरा राजे’ हा आपला ‘पहिला राजे’. डुए-रीम्समध्ये ‘एक्लेझिआस्टिकस’ म्हणजे बेन सिरा आणि ‘एक्लेझिआस्टिस’ म्हणजे उपदेशक. या दोहोंची गल्लत जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी करतो. स्तोत्रांचे क्रमांक ग्रीक परंपरेनुसार असल्यामुळे नववे आणि दहावे मिळून एक धरले जाते आणि तिथून पुढे बहुतेक स्तोत्रसंहितेत क्रमांक एकने मागे पडतो. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावे स्तोत्र तिथे बाविसावे आहे आणि पश्चात्तापाचे एक्कावन्नावे स्तोत्र तिथे पन्नासावे. शेवटची तीन स्तोत्रे मात्र दोन्हीकडे एकाच क्रमांकाची आहेत. जुन्या मिस्साग्रंथातील सर्व संदर्भ या लॅटिन क्रमांकांनुसार असतात, म्हणून रोजच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर हा हिशेब पेन्सिलीने लिहून ठेवा.

इंग्रजीतील इतर पर्यायांत माझी पसंती रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनच्या कॅथलिक आवृत्तीला आहे. ती १९६६ मध्ये निघाली आणि तिची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये आली. ती मूळ भाषांना धरून चालते, तिची इंग्रजी गंभीर असूनही वाचता येते आणि लूकच्या पहिल्या अध्यायात गब्रिएल दूत मरियेला ‘कृपेने परिपूर्ण’ म्हणूनच हाक मारतो. भारतात इंग्रजी मिस्सेत २०२० पासून इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जनच्या कॅथलिक आवृत्तीतली वाचने वापरली जातात. तुम्ही इंग्रजी मिस्सेला जाणार असाल तर ती घेणे सोयीचे आहे आणि तिची घडण वरील आवृत्तीच्या जवळची आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९४० च्या दशकात एकट्याने व्हल्गेटवरून केलेला अनुवाद गद्य म्हणून अतिशय देखणा आहे. पौलाची पत्रे कळेनाशी झाली की मी तोच उघडतो. अमेरिकेतील न्यू अमेरिकन बायबल वाईट नाही, पण त्याच्या तळटिपा नवख्या वाचकाला ग्रंथापेक्षा ग्रंथाच्या चिकित्सेतच गुंतवून ठेवतात.

हे सारे झाले तरी मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाने अठराव्या शतकातील इंग्रजीतून पहिल्यांदा शुभवर्तमान वाचावे, हे मला पटत नाही. त्यात वाचकाची निम्मी शक्ती शब्दांची उकल करण्यात जाते आणि अनोळखी शब्दांचे गांभीर्य हेच पावित्र्य वाटू लागते. मराठीत प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचे अनुवाद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून आहेत. पंडिता रमाबाई यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेला अनुवाद १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. बायबल सोसायटीची आवृत्ती घरोघरी पोहोचली आहे, तिची भाषा भारदस्त आहे आणि स्तोत्रे तिच्यात मनाला भिडतात. तुमच्याकडे ती असेल तर टाकून देऊ नका. मात्र तिच्यात ६६ ग्रंथ आहेत हे ध्यानात ठेवून उरलेल्या सात ग्रंथांसाठी कॅथलिक आवृत्ती जोडीला ठेवा. लूकच्या वर उल्लेखिलेल्या वचनात तिथे ‘कृपा पावलेली’ असा शब्द आहे, हेही जाणून वाचा. कॅथलिक बाजूने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे, साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरवलेले ‘सुबोध बायबल’ मी नवख्यांच्या हाती निःशंकपणे देतो. ख्रिस्ती घरात न वाढलेल्या मराठी वाचकाला ज्या पार्श्वभूमीची गरज असते ती त्यात ओघवत्या मराठीत मिळते. जुन्या पोथीचा बाज हवा असणाऱ्या काही जणांना त्याची साधी भाषा रुचत नाही. माझ्या दृष्टीने तोच त्याचा गुण आहे.

पोथीचाच बाज हवा असेल तर मात्र मराठीकडे असे काही आहे जे इंग्रजीकडेही नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांत, पहिल्या आणि दुसऱ्या पुराणाच्या रूपाने, सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंत आणि पुढेही सारी कथा येते. तो बायबलचा अनुवाद नाही, निरूपण आहे. तथापि ट्रेंटनंतरच्या पिढीतील कॅथलिक माणूस बायबल कसे ऐकत होता आणि ऐकवत होता, हे जाणण्यासाठी त्याच्याइतके जिवंत साधन आपल्या भाषेत दुसरे नाही. डुए येथे जुना करार छापून झाल्यावर अवघ्या सहा वर्षांत हे मराठीत घडले. पारंपरिक कॅथलिक वारसा म्हणजे युरोपातून मागवायची वस्तू असे ज्यांना वाटते, त्यांना मी देवनागरी आवृत्ती आणून तिच्यातले पाचपन्नास ओव्यांचे एखादे प्रकरण मोठ्याने वाचायला लावतो.

आता ‘पारंपरिक’ या विशेषणाकडे वळू. आज त्याखाली फार वेगवेगळी माणसे येतात. १९६२ चा, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या बदलांपूर्वीचा, मिस्साग्रंथ प्रिय असलेले आणि आपल्या बिशपांशी एकनिष्ठ असलेले लोक त्यांत आहेत. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संत पीटर बंधुसंघासारखे रोमच्या मान्यतेने चालणारे संघ आहेत. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० मध्ये स्थापलेला संत दहावे पायस यांचा संघ आहे. त्याच्या बिशपांवरील बहिष्कार २००९ मध्ये उठवला गेला असला, तरी रोमशी असलेले त्याचे नाते धर्मनियमांच्या चौकटीत बसलेले नाही. आणि सध्या पोपच नाही असे मानणारेही आहेत. त्यांच्यापासून दूरच राहावे, कारण पेत्राच्या आसनाला, म्हणजे पोपपदाला, नाकारून उरते ती परंपरा कॅथलिक नसते. ध्वनिचित्रफितींमध्ये हे सारे एकाच सुरात बोलतात, म्हणून बोलणारा कोणत्या बिशपांच्या अधिकाराखाली आहे, एवढे प्रत्येक वेळी तपासावे.

जुन्या मिस्सेला २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी मोकळीक दिली होती. पोप फ्रान्सिस यांच्या १६ जुलै २०२१ च्या आदेशाने ती पुन्हा बिशपांच्या परवानगीवर आली आणि २०२३ पासून काही परवानग्या रोमकडे राखून ठेवल्या गेल्या. म्हणून आपल्या भागात ती होते का, याची चौकशी धर्मप्रांताच्या कार्यालयात करावी, गटांच्या निरोपांवर विसंबू नये. त्याच आदेशात एक अट आहे जी तुमच्या प्रश्नाला थेट भिडते: अशा मिस्सेत वाचने लोकभाषेत, बिशप परिषदेने मान्य केलेल्या अनुवादातून व्हावीत. म्हणजे जुन्या वेदीवरही शास्त्रवाचन आजच्या मान्य अनुवादातूनच कानी पडायचे आहे. आणि प्राचीन कॅथलिक उपासना हवी असेल तर ती एकट्या लॅटिनची मिरास नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०२५ मध्ये महाधर्मप्रांत बनलेल्या, कल्याणच्या सिरो-मलबार (केरळच्या प्राचीन कॅथलिक परंपरेतील) महाधर्मप्रांताची पूर्वेकडील उपासना महाराष्ट्रातच, थेट रोमशी ऐक्य राखून चालते. तिथेही एकदा जाऊन या.

जुन्या मिस्सेला जाण्यापूर्वी घरी चार गोष्टी वाचा. वेदीच्या पायथ्याशी म्हटले जाणारे स्तोत्र ४२, म्हणजे तुमच्या बायबलमधील ४३. रविवारी पवित्र पाणी शिंपडताना गायले जाणारे पश्चात्तापाचे स्तोत्र. धर्मगुरू हात धुताना म्हणतात ते स्तोत्र २५, म्हणजे आपले २६. आणि शेवटी वाचली जाणारी योहानच्या शुभवर्तमानाची पहिली चौदा वचने. हे परिचयाचे असेल तर पहिल्या खेपेला पुस्तक मिटून ठेवता येईल. मान खाली घालून भाषांतराचा रकाना शोधत बसण्यात पहिली मिस्सा हातची निघून जाते. तुमचा स्नानसंस्कार झालेला नसल्यामुळे कम्युनियन (मिस्सेतील पवित्र भाकर) घेता येणार नाही. त्या वेळी जागेवरच गुडघे टेकून राहावे, कोणी काही म्हणत नाही. मिस्सेच्या पहिल्या भागाला, म्हणजे स्तोत्र, पत्र, शुभवर्तमान आणि प्रवचन या भागाला, जुन्या परंपरेत ‘दीक्षार्थींची मिस्सा’ असेच नाव आहे, कारण तो भाग तुमच्यासारख्यांसाठी होता.

जुन्या मिस्साग्रंथात वाचनांचे चक्र एका वर्षाचे आहे आणि रविवारच्या वाचनांत जुना करार जवळजवळ येतच नाही. तो भेटतो उपवासकाळातील साध्या दिवशी आणि पुनरुत्थान रविवारच्या जागरणविधीत. नव्या पद्धतीत रविवारचे चक्र तीन वर्षांचे आहे आणि बहुतेक रविवारी जुना करार वाचला जातो. मला जुन्या मिस्सेविषयी प्रेम आहे, पण या बाबतीत नवी पद्धत अधिक उदार आहे असे मी मानतो. त्यामुळे जो जुन्या मिस्सेला जाईल त्याने घरी जुना करार अधिक नेमाने वाचायला हवा. प्रथम लूकचे शुभवर्तमान आणि प्रेषितांची कृत्ये सलग वाचावीत, मग उत्पत्ती आणि निर्गमचे पहिले वीस अध्याय, मग यशया; लेवीय घाईने हाती घेऊ नये. रोज एक स्तोत्र मोठ्याने म्हणावे. भक्तिभावाने अर्धा तास शास्त्र वाचणाऱ्या श्रद्धावंताला ख्रिस्तसभा नेहमीच्या अटींवर पूर्ण दंडमुक्ती (क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका) देते. ती तुम्हाला स्नानसंस्कारानंतरच मिळू शकेल, पण अर्ध्या तासाचे माप आतापासून लावून घ्यायला हरकत नाही.

आणि ज्या गोष्टीने सुरुवात व्हायला हवी होती ती ही: जवळच्या चर्चमधील धर्मगुरूंना भेटा आणि प्रौढांसाठी धर्मशिक्षण केव्हा सुरू होते ते विचारा. ते पुष्कळ महिने चालते, सामान्यतः स्नानसंस्कार पुनरुत्थानाच्या जागरणरात्री होतो आणि कोणी घाई करत नाही. घरच्यांना विश्वासात घेतले आहे का, हेही ते विचारतील. तिथली मिस्सा मराठीत किंवा इंग्रजीत असेल, गायन कदाचित साधे असेल. कोणते बायबल घेऊन यावे, हे त्याच भेटीत विचारा, कारण वर्गात सर्वांच्या हाती एकच अनुवाद असला की पान शोधण्यात वेळ जात नाही; डुए-रीम्स घरी राहू द्या.